पाण्याची गोळी त्यांनी बंद का केली: लिव्हरच्या आजारातलं एक प्रकरण

दोन डिस्चार्ज कार्डांवर एकच शेरा होता, पेशंट औषधं नियमित घेत नाही. पहिलं कार्ड मार्चमधलं, दुसरं जूनच्या शेवटचं. दोन्ही वेळा पोटात पाणी भरलं म्हणून ॲडमिट, सुई घालून पाणी काढलं, अल्ब्युमिनच्या बाटल्या चढवल्या, मीठ कमी खा, गोळ्या चुकवू नका असं बजावून घरी पाठवलं. बिल दोन्ही वेळा घाम फोडणारं. पण गोळ्या का चुकतायत हे कुणी विचारलंच नाही. माझं ठाम मत आहे की ते विचारलं असतं तर निदान दुसरं ॲडमिशन तरी टळलं असतं, कारण गोळी बंद करायला त्या माणसाकडे कारण होतं, फक्त ते कुणाला सांगायची त्याची हिंमत होत नव्हती.

मी पुण्यात सिंहगड रोडच्या बाजूला धायरीत फॅमिली डॉक्टर म्हणून प्रॅक्टिस करतो. हे सगळं दोघा नवरा-बायकोच्या परवानगीने लिहितोय. ओळख पटू नये म्हणून वय, नोकरी, महिने थोडे इकडेतिकडे केलेत, आजार आणि औषधं मात्र तीच आहेत.

काकांचं वय ५२, नऱ्ह्यातल्या एका वर्कशॉपमध्ये सुपरवायझर. शुगर १२ वर्षांपासून. दारू आधी शनिवार-रविवारची, मग रोजची क्वार्टर. अडीच वर्षांपूर्वी पाय आणि पोट सुजलं तेव्हा सोनोग्राफीत लिव्हर खडबडीत, प्लीहा मोठी, पोटात पाणी असं आलं, एंडोस्कोपीत अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरा दिसल्या, त्यांना बँडिंग झालं, म्हणजे त्या रबरी बँडने बांधल्या. निदान सिरॉसिस, म्हणजे लिव्हर व्रणांनी कडक होणं, दारू आणि फॅटी लिव्हर दोन्ही मिळून. त्या दिवसापासून दारू पूर्ण बंद, हे त्यांच्या बाजूने मुद्दाम सांगतो, कारण पुढे जे कुणी त्यांना ‘पथ्य पाळत नाही’ म्हणालं त्यांनी ही गोष्ट कधी मोजलीच नाही. औषधं चालू होती ती पाण्याची गोळी लासिलॅक्टोन ५०, दिवसाला दोन, म्हणजे स्पायरोनोलॅक्टोन १०० मिलिग्रॅम आणि फ्रुसेमाइड ४०, शिवाय त्या शिरा फुटू नयेत म्हणून प्रोप्रॅनोलॉल, रात्री पोट साफ होण्यासाठी लॅक्टुलोजचं पातळ औषध, आणि शुगरसाठी इन्सुलिन.

जुलैत ते माझ्याकडे आले ते वेगळ्याच गोष्टीसाठी. छातीत गाठ झालीय, कॅन्सर तर नाही ना, सोनोग्राफीची चिठ्ठी द्या, आणि मिसेसना कळू देऊ नका. मिसेस बाहेर बाकावरच बसल्या होत्या.

शर्ट काढा म्हटलं तर आत दोन बनियन. जुलैची दमट हवा, क्लिनिकमध्ये पंखा फुल, आणि हा माणूस दोन बनियन घालून, त्यातलं आतलं एक साइज लहान, इतकं घट्ट की काखेत वळ उठलेले. ते काढताना त्यांनी तोंड भिंतीकडे केलं. दोन्ही बाजूला निप्पलच्या बरोबर खाली रुपयाच्या नाण्याएवढी चकती हाताला लागत होती, दाबलं की दुखत होतं. छातीवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक लाल शिरा, तळहात लाल, दंड आणि मांड्या पार उतरलेल्या, काखेतले केस विरळ. वर्कशॉपमध्ये कुणीतरी छातीवरून काहीतरी बोललं होतं, तेव्हापासून दोन बनियन.

मी विचारलं, काका, छाती दुखायला लागल्यावर पाण्याची गोळी बंद केलीत का? ते एकदम माझ्याकडे बघायला लागले. म्हणाले, तुम्हाला कुणी सांगितलं? कुणी सांगितलं नव्हतं. गोळी सुरू झाल्यावर सात-आठ महिन्यांनी छाती हुळहुळी झाली, त्यांनी मोबाइलवर गोळीचं नाव टाकून वाचलं, त्यात पुरुषांची छाती वाढते आणि ‘ताकद’ जाते असं आलं, गोळी बंद केली, चार-सहा आठवड्यांत पोट भरलं, ॲडमिट. तिथे परत सुरू केली, परत दुखायला लागलं, परत बंद, परत ॲडमिट. दोन्ही वेळा राउंडला आलेल्या डॉक्टरांबरोबर पाच-सहा जण असायचे, बाजूच्या बेडवरचे नातेवाईक कान देऊन ऐकायचे, तिथे हा माणूस काय बोलणार.

मग मी पुढचा प्रश्न विचारला, बाकी नवरा-बायकोचं कसं चाललंय. त्यांनी आधी दाराकडे बघितलं, कंपाउंडर आत येत नाही ना म्हणून, मग म्हणाले, दोन वर्षं काही नाही. आणि मग बोलतच राहिले, मला मध्ये काही विचारावं लागलं नाही.

आता इथे जरा थांबून समजून घेऊया, कारण लोकांना वाटतं हे सगळं ‘टेन्शन’मुळे होतं आणि डॉक्टर लोकसुद्धा कधीकधी तेच सांगून मोकळे होतात. सिरॉसिसमध्ये पुरुषांच्या अंगातलं टेस्टोस्टेरॉन खरोखर कमी होतं. पिट्युटरी ग्रंथीकडून वृषणांना जे सिग्नल जायला हवेत ते कमजोर पडतात, वृषणं स्वतःही हळूहळू लहान होतात, आणि दारूचा इतिहास असेल तर दारूने त्यांचं थेट नुकसान आधीच केलेलं असतं. जे टेस्टोस्टेरॉन बनतं त्यातलं नेहमीपेक्षा जास्त इस्ट्रोजेनमध्ये बदलतं, म्हणून छाती वाढते, अंगावरचे केस कमी होतात, तळहात लाल होतात. त्यात स्पायरोनोलॅक्टोन ही गोळी पोटातलं पाणी कमी करायला अतिशय चांगली, पण ती टेस्टोस्टेरॉनचं काम जिथे व्हायचं तिथेच अडवते. म्हणजे आधीच कमी असलेलं हार्मोन, त्याला वरून अडथळा. काकांनी मोबाइलवर वाचलं ते खोटं नव्हतं. फक्त गोळी एकदम सोडल्यावर काय होतं ते तिथे लिहिलेलं नव्हतं.

पण सगळा दोष त्या एका गोळीवर टाकणंही बरोबर नाही. मी दोन गोष्टी वेगळ्या काढून विचारल्या, इच्छा कधी कमी झाली आणि ताठरपणा कधी कमी झाला. बहुतेक लोक दोन्ही एकच समजतात. काकांचा ताठरपणा आजार कळायच्या दोन-तीन वर्षं आधीपासूनच कमी होत गेला होता, सकाळी झोपेतून उठताना जो आपोआप येतो तोही बंद झाला होता, हे शुगरचं काम, नसा आणि रक्तवाहिन्या दोन्ही खराब होतात. इच्छा मात्र तेव्हा शाबूत होती, ती गेली नंतर, आजार आणि गोळ्या सुरू झाल्यावर. प्रोप्रॅनोलॉलचाही थोडा हात असू शकतो. त्यात थकवा, रात्री पोटरीत गोळे येणं, लॅक्टुलोजमुळे पोट कधी साफ होईल याचा भरवसा नाही म्हणून कायम बाथरूम जवळ हवं, बेंबीशी छोटा हर्निया. आणि मनातली भीती. एवढं सगळं एका माणसात एकाच वेळी, म्हणून एका गोळीने हे सुटणार नाही हे मी त्यांना पहिल्याच दिवशी सांगितलं.

त्यांनी खिशातून एक पुडी काढली तेव्हा खरा धक्का बसला. फोनवरून मागवलेलं चूर्ण, पाकिटावर घोड्याचं चित्र, आत काय आहे त्याचा पत्ता नाही. दीड महिना घेतलं होतं. शिवाय गल्लीतल्या मेडिकलवाल्याकडून चिठ्ठीशिवाय सिल्डेनाफिल १००ची निळी गोळी, ती अर्धी घेतली, अर्ध्या तासात डोळ्यापुढे अंधारी आली आणि बाथरूमच्या दारात पडले. घरी सांगितलं शुगर लो झाली. बायकोने साखर खाऊ घातली, त्या दिवशी ग्लुकोमीटरला ३०० च्या वर.

हे जरा नीट सांगायला हवं. सिल्डेनाफिल लिव्हरमधून बाहेर पडतं, लिव्हर खराब असेल तर ते अंगात जास्त प्रमाणात आणि जास्त वेळ राहतं, म्हणून सुरुवातच २५ मिलिग्रॅमने करायची असते, तीही डॉक्टरांनी बीपी आणि हृदय बघून. सिरॉसिसच्या माणसाचं बीपी आधीच खालच्या बाजूला असतं, त्यात प्रोप्रॅनोलॉल, त्यात पाण्याची गोळी, मग ५० मिलिग्रॅमने माणूस पडणार नाही तर काय होणार. आणि छातीत दुखण्यासाठी जिभेखाली ठेवायची नायट्रेटची गोळी कुणी घेत असेल तर त्याने सिल्डेनाफिल घ्यायचंच नाही, जिवावर बेतू शकतं. टॅडालाफिलचंही तसंच, सिरॉसिस सौम्य ते मध्यम असेल तर १० मिलिग्रॅमच्या वर जायचं नाही आणि पार बळावलेला असेल तर द्यायचंच नाही.

चूर्णाबद्दल मला फार तळमळीने सांगायचंय. अशा ‘मर्दानी ताकद’वाल्या पुड्यांमध्ये पाकिटावर न लिहिता सिल्डेनाफिल मिसळलेलं सापडतं, अमेरिकेची एफडीए अशा मालाबद्दल वर्षानुवर्षं इशारे काढतेय. आणि जे खरंच झाडपाल्याचं आहे ते निर्धोक असतं असंही नाही. अश्वगंधा घेऊन लिव्हरला इजा झाल्याच्या केसेस भारतातल्या लिव्हरच्या डॉक्टरांनी छापल्यात, कोविडच्या काळात गुळवेलीच्या बाबतीत मुंबईतून रिपोर्ट आले. चांगल्या लिव्हरचा माणूस त्यातून बहुतेक वेळा उठतो, सिरॉसिसच्या माणसाच्या लिव्हरमध्ये तेवढी शिल्लक नसते. काकांच्या फाइलमध्ये कावीळ दाखवणारं बिलिरुबिन एरवी दीड-पावणेदोनच्या आसपास होतं आणि बरोबर त्या दीड महिन्यात ३.४ वर गेलेलं, पुडी थांबल्यावर पुढच्या दोन महिन्यांत परत १.८. स्वारगेटच्या आसपास भिंतींवर ज्या जाहिराती असतात त्यांना हसणं सोपं आहे, पण माणूस तिथे जातो कारण आम्ही ओपीडीत त्याला दोन मिनिटंही देत नाही.

काकूंना मी दुसऱ्या दिवशी एकट्यांना बोलावलं, शुगरची डायरी बघायच्या निमित्ताने, काकांना सांगून. वय ४८. त्यांनी आधी घरचं सगळं सांगितलं, सकाळी उठल्या-उठल्या ह्यांचं वजन वहीत लिहिते, भाजी ह्यांच्यापुरती बिनमिठाची काढून मग आमच्यासाठी मीठ घालते, दिवसातून किती वेळा जाऊन आले ते मोजते. मग थोडा वेळ गप्प. मग म्हणाल्या, डॉक्टर, ही कावीळ लागते ना? मी हॉलमध्ये मुलीजवळ झोपते. ह्यांचं ताट-वाटी वेगळी ठेवलीय.

अडीच वर्षं. फाइलच्या पहिल्याच पानावर हिपॅटायटिस बी निगेटिव्ह, सी निगेटिव्ह असं लिहिलेलं आणि त्या बाईला कुणी मराठीत सांगितलं नव्हतं की तुमच्या नवऱ्याच्या आजारात लागण्यासारखं काहीच नाही. दारूने आणि चरबीने झालेला सिरॉसिस कुणाला लागत नाही, ना ताटातून, ना संबंधातून. समजा हिपॅटायटिस बी असता तरी ताट वेगळं करायची गरज नसती, तो जेवणातून पसरत नाही, रक्तातून आणि संबंधातून पसरतो, आणि त्यावर लस आहे, जोडीदाराची तपासणी करून ०, १ आणि ६ महिन्यांनी तीन डोस, अंगात संरक्षण तयार होईपर्यंत कंडोम, एवढंच. हिपॅटायटिस सी तर कायमच्या एकाच जोडीदारात संबंधातून फार क्वचित लागतो आणि आता गोळ्यांनी बरा होतो. हे सगळं सांगायला मला पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

त्यांची दुसरी भीती जास्त खरी होती. जवळ आल्यावर जोर पडून शिरा फुटल्या, रक्ताची उलटी झाली तर? बँडिंगच्या वेळी त्यांनी ते शब्द ऐकले होते, फुटू शकतात, जीव जाऊ शकतो, आणि ते डोक्यात बसले होते. मी सांगितलं की काका दोन जिने धाप न लागता चढत असतील तर साधारण तेवढ्याच श्रमाची ही गोष्ट आहे, शिरांचं बँडिंग झालंय, प्रोप्रॅनोलॉल नीट चालू आहे, मग घाबरून दूर राहायचं कारण नाही. थांबायचं कधी, तर बँडिंगनंतरचे काही दिवस, पोट पाण्याने ताणलेलं असताना, रक्तस्राव नुकताच झाला असेल तेव्हा, आणि माणूस गोंधळल्यासारखा वागत असेल, दिवसा झोपतोय रात्री जागतोय असं असेल तेव्हा तर सरळ दवाखान्यात आणायचं, कारण तो मेंदूवर परिणाम होतोय याचा इशारा असतो.

मग हळूच त्या म्हणाल्या, हे शर्ट बदलायला बाथरूममध्ये जायला लागले तेव्हा मला वाटलं माझ्यावर राग आहे. आणि स्वतःबद्दल एवढंच, की पाळी जाऊन वर्ष झालं, त्याआधीसुद्धा दुखायचंच, पण ह्यांच्या आजारपणात आपलं काय घेऊन बसायचं. म्हणजे या घरात दोन पेशंट होते आणि केसपेपर एकाचाच होता. कोरडेपणा आणि दुखणं यावर पाण्याचा बेस असलेलं ल्युब्रिकंट साध्या मेडिकलमध्ये मिळतं, स्त्रीरोगतज्ज्ञ गरजेप्रमाणे आतून लावायचं इस्ट्रोजेन क्रीम देतात. काकूंना चिठ्ठी लिहून दिली.

आता तपासण्या. टेस्टोस्टेरॉन सकाळी लवकर, उपाशीपोटी, कारण दिवस चढेल तसं ते उतरतं. काकांचं टोटल टेस्टोस्टेरॉन ३४० आलं आणि लॅबच्या कागदावर ते नॉर्मलमध्ये बसत होतं. इथे बऱ्याच जणांची फसगत होते. सिरॉसिसमध्ये एसएचबीजी नावाचं प्रोटीन वाढतं, ते टेस्टोस्टेरॉनला घट्ट धरून ठेवतं, त्यामुळे टोटल आकडा ठीक दिसतो आणि कामाला येणारं मोकळं टेस्टोस्टेरॉन कमी असतं. म्हणून एसएचबीजी आणि अल्ब्युमिन सोबत केलं, हिशेब केला, मोकळं टेस्टोस्टेरॉन स्पष्ट कमी निघालं, पिट्युटरीकडून वृषणांना जाणारा सिग्नल म्हणजे एलएच, तो वाढलेला नव्हता. थायरॉइड आणि प्रोलॅक्टिन ठीक. एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांच्या शुगरचा सरासरी अंदाज, ६.१ आलं होतं आणि काका त्यावर खूश होते, पण प्लीहा मोठी असली की लाल पेशी लवकर मरतात आणि हा आकडा खोटा कमी येतो, ग्लुकोमीटरची डायरी तर २२०-२८० दाखवत होती. शुगर अजिबात ताब्यात नव्हती.

छातीच्या सोनोग्राफीत दोन्ही बाजूला गायनेकोमास्टिया, म्हणजे पुरुषांची छाती वाढणं, कॅन्सरची गाठ वगैरे काही नाही. एकाच बाजूला, टणक, निप्पलपासून बाजूला सरकलेली गाठ असेल, कातडी आत ओढली जात असेल किंवा निप्पलमधून स्राव येत असेल तर मात्र वेळ घालवायचा नाही, पुरुषांनाही ब्रेस्ट कॅन्सर होतो. काकांनी तो रिपोर्ट माझ्यासमोर दोनदा वाचला.

लिव्हरतज्ज्ञांना मी पत्र लिहिलं, फोनही केला. आधी त्यांचा सूर ‘हा पेशंट ऐकतच नाही’ असा होता, गोळी का सोडली ते सांगितल्यावर लगेच बदलला आणि त्यांनी मनापासून वेळ दिला, हे नोंदवायला हवं. ठरलं असं की स्पायरोनोलॅक्टोनच्या जागी एप्लेरेनोन, तीही त्याच जातीची पाण्याची गोळी पण पुरुषी हार्मोनला फारशी अडवत नाही, महाग आहे. दुसरा पर्याय अमिलोराइड, ती छातीला त्रास देत नाही पण पाणी काढायला जरा कमी पडते. बदलल्यावर आठवड्यात पोटॅशियम आणि क्रिएटिनिन तपासायचं. प्रोप्रॅनोलॉलला हात लावायचा नाही. काकांनी विचारलं, तीपण बंद करूया का, मी सरळ नाही म्हणालो, ती गोळी शिरा फुटण्यापासून वाचवते, इथे तडजोड नाही.

त्यांना टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन हवं होतं. लोकांना वाटतं कमी आहे तर भरून टाका. ऑस्ट्रेलियातल्या एका ट्रायलमध्ये, २०१६ साली छापलेल्या, सिरॉसिसच्या पुरुषांना इंजेक्शनने टेस्टोस्टेरॉन दिल्यावर स्नायू वाढले होते, त्यामुळे ही कल्पना वेडगळ अजिबात नाही. पण आधी लिव्हरमध्ये ट्यूमर नाही हे पक्कं हवं, प्रोस्टेट आणि हिमोग्लोबिन बघायला हवं, लिव्हरला रक्त नेणाऱ्या पोर्टल व्हेनमध्ये गुठळी नाही ना ते बघायला हवं. जिममध्ये मिळणाऱ्या गोळ्या तर नकोच नको, त्यातल्या काही जाती थेट लिव्हरला मारक आहेत. काकांच्या बाबतीत एंडोक्रायनोलॉजिस्टनी, म्हणजे हार्मोनच्या डॉक्टरांनी, सांगितलं, आधी गोळी बदलून, शुगर आणि खाणं सुधारून सहा महिन्यांनी परत तपासू. मला ते पटलं.

खाण्याबद्दल दोन शब्द, कारण अंगात ताकद नसेल तर बाकी गोष्टी सुचतच नाहीत. काका प्रोटीन कमी खायचे, कुणीतरी सांगितलं होतं की लिव्हरला डाळ जड जाते. उलट आहे, सिरॉसिसमध्ये वजनाच्या दर किलोमागे १.२ ते १.५ ग्रॅम प्रोटीन हवं. मूग, ताक, पनीर, अंडी, जे पटेल ते. लांब उपवास बंद. संकष्टी आणि एकादशी दोन्ही धरायचे, चंद्रोदयापर्यंत पोटात काही नाही, आणि अशा माणसाचं लिव्हर साखर साठवून ठेवू शकत नसल्यामुळे रात्रीतूनच शरीर स्नायू खायला लागतं. झोपण्याआधी थोडं काहीतरी खायचंच. काकू म्हणाल्या, उपवास मी करते त्यांच्या वाटचा, आणि तो प्रश्न मिटला. पर्वतीच्या पायऱ्या लगेच नाही, आधी घराजवळ सपाटीवर चालणं आणि खुर्चीतून उठ-बस.

तीन महिन्यांनी पोट आटोक्यात, बीपी ११०/७०, लिव्हर किती बिघडलंय ते सांगणारा चाइल्ड-प्यू स्कोअर ७ म्हणजे मधली बी ग्रेड, ईसीजी आणि टूडी इको ठीक, नायट्रेट चालू नाही. तेव्हा लिव्हरतज्ज्ञांच्या आणि कार्डिऑलॉजिस्टच्या संमतीने सिल्डेनाफिल २५, प्रोप्रॅनोलॉलच्या वेळेपासून लांब, साधारण तासभर आधी, तुपकट जेवणावर नाही, आठवड्यातून एकदा, फार तर दोनदा. आणि काकूंना सांगून. ही अट माझी होती, कारण मागच्या वेळी त्या साखर घेऊन धावल्या होत्या, खरं कारण त्यांना माहीतच नव्हतं. ही गोळी इच्छा आणत नाही, इच्छा असेल तर शरीराला मदत करते, हेही दोघांना एकत्र बसवून सांगितलं. आणि संबंध म्हणजे फक्त तेवढंच नाही, पोट जड आहे तर कुशीवर झोपून, दमलात तर नुसतं जवळ पडून, हे सांगताना काकू लाजून हसल्या आणि काकांनी मान खाली घातली पण ऐकत होते दोघंही.

निकाल सरसकट चांगला नाही, तो जसा आहे तसा लिहितो. छातीचं दुखणं दोन महिन्यांत गेलं, चकती लहान झाली पण पूर्ण गेली नाही, वर्षभराहून जुनी झाली की ती घट्ट होते आणि मग गोळी बदलून विरघळत नाही, खूपच त्रास झाला तर प्लास्टिक सर्जन. इच्छा बरीच परत आली. ताठरपणा गोळी घेऊन कधी पुरेसा येतो, कधी नाही, शुगरने जे गेलंय ते सगळं परत येणार नाही. पण गोळ्या एकही दिवस चुकलेल्या नाहीत आणि जुलैनंतर पाण्यासाठी एकही ॲडमिशन नाही. बनियन एकच. ताट-वाटी परत एकत्र घासली जाते, हे काकूंनी आपणहून सांगितलं.

बायकांना हा आजार असेल तर त्यांना हे कुणी विचारायची शक्यता आणखीच कमी. सिरॉसिसमध्ये पाळी अनियमित होते किंवा थांबते, इच्छा जाते, दुखतं, आणि घरात सगळे ‘तिच्या लिव्हरचं बघा आधी’ म्हणत राहतात. पाळी थांबली म्हणजे दिवस जाणार नाहीत असं धरून चालू नये, सिरॉसिसमध्ये गरोदरपण जोखमीचं असतं. इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या आजार बळावलेला असताना चालत नाहीत, कॉपर टी बहुतेकींना चालते, विल्सन्स डिसीज असेल तर मात्र नको कारण तो तांब्याचाच आजार आहे. ट्रान्सप्लांटनंतर तर काही महिन्यांतच पाळी परत सुरू होऊ शकते आणि तेव्हा कुणाच्या ध्यानीमनी नसतं. मूल होण्यासाठी ट्रान्सप्लांटनंतर किमान एक वर्ष थांबायला सांगतात, आणि नवं लिव्हर शरीराने नाकारू नये म्हणून दिलेलं मायकोफेनोलेट चालू असेल तर ते बाळासाठी धोक्याचं असल्यामुळे आधी डॉक्टरांकडून बदलून घ्यावं लागतं.

ट्रान्सप्लांटचा विषय काकांकडेही निघालाय. ट्रान्सप्लांटची निकड ठरवणारा मेल्ड स्कोअर सध्या १४, घाई नाही, पण तपासण्या सुरू करून ठेवायला सांगितलंय, म्हणजे वेळ आली तर हॉस्पिटलमार्फत पुण्याच्या झेडटीसीसीत, म्हणजे अवयवांची प्रतीक्षा यादी ठेवणाऱ्या संस्थेत, नाव लावता येईल. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, त्यानंतर हे सगळं नॉर्मल होईल का. हार्मोन्स बऱ्याच पुरुषांमध्ये सुधारतात, पण शुगर आणि नवीन औषधं राहणारच, त्यामुळे शंभर टक्के हो असं मी म्हणालो नाही. लिव्हरच्या कॅन्सरवर नजर ठेवायला सोनोग्राफी आणि एएफपी ही रक्ताची तपासणी दर सहा महिन्यांनी चालू आहे, पुढची जानेवारीत. टेस्टोस्टेरॉनही तेव्हाच परत होईल आणि इंजेक्शनचं त्यानंतर ठरेल. काकूंची स्त्रीरोगतज्ज्ञांकडची अपॉइंटमेंट दोनदा पुढे ढकलली गेली, एकदा दिवाळी म्हणून, एकदा ह्यांची एंडोस्कोपी म्हणून. तिसऱ्यांदा काका स्वतः त्यांना घेऊन गेले.